आवाजाची दुसरी वाट

फोनवर बोलताना आपला आवाज दर सेकंदाला पन्नास तुकड्यांत कापला जातो. एकेक तुकडा वीस मिलिसेकंदांचा. तो कुठून निघाला, कुठे जायचा, कितवा आहे, एवढे त्याच्यावर लिहून त्याचे पॅकेट करतात आणि जाळ्यात सोडून देतात. पुढचा राउटर त्याला पुढच्या राउटरकडे ढकलतो. पलीकडे पोचलेली पॅकेटे क्रमाने लावून त्यांचा पुन्हा आवाज होतो. ‘आई, जेवलीस का?’ एवढे विचारायला लागतो सेकंदभर, आणि तेवढ्यात पन्नासेक पॅकेटे रवाना झालेली असतात. बोलणाऱ्याला याचा पत्ता नसतो. तो नसावाच, यासाठी खूप माणसांनी खूप वर्षे काम केले आहे.

जुन्या टेलिफोनची पद्धत वेगळी होती. कॉल लागला की दोन टोकांमध्ये एक अखंड मार्ग त्या दोघांसाठी राखून ठेवला जाई. दोघे गप्प बसले तरी मार्ग त्यांचाच. ट्रंक कॉलच्या दिवसांत थेट लाइन मोकळी नसली की ऑपरेटर दुसऱ्या एखाद्या गावामार्गे जोडणी मिळवून देत. म्हणजे पर्यायी मार्ग तेव्हाही होते. पण ते कॉल लागण्यापूर्वी शोधायचे. बोलणे चालू असताना मार्ग तुटला की बोलणे संपले.

आता आपण त्या पद्धतीपासून बरेच दूर आलो आहोत. ५ सप्टेंबर २०१६ रोजी रिलायन्स जिओने सेवा सुरू केली, ती फक्त फोर-जीवर. टू-जी आणि थ्री-जीचे जुने जाळे त्या कंपनीकडे नव्हतेच, त्यामुळे तिच्या ग्राहकाचा प्रत्येक कॉल पहिल्या दिवसापासून पॅकेटांवरून गेला. पुढे इतर कंपन्याही त्याच वाटेने आल्या. गडचिरोलीतला माणूस पुण्यातल्या मुलाशी बोलतो, तेव्हा त्या बोलण्यासाठी बहुधा कुठलाही मार्ग राखून ठेवलेला नसतो. मग मधला दुवा तुटला तर काय होते? दुसरी वाट कोण निवडतो, किती वेळात निवडतो, आणि ती वाट खरोखर दुसरी असते का? या पुस्तकाचा विषय एवढाच आहे. तो यंत्रांचा वाटला तरी त्याची झळ माणसांना लागते, आणि ती सहसा त्यांना फोनची सर्वांत जास्त गरज असताना लागते.

या विषयाचा उगम पाहिला तर एक गोष्ट लक्षात येते. पॅकेटांची कल्पना संगणकांसाठी जन्मली आणि नंतर आवाजाने तिचा आसरा घेतला, अशी समजूत सर्रास आढळते. पण अमेरिकेतल्या रॅंड संस्थेत पॉल बॅरन १९६० पासून ज्या प्रश्नावर काम करत होते, तो प्रश्न संपर्क टिकवण्याचा होता. अणुहल्ल्यात टेलिफोनची मोठी एक्स्चेंजेस उद्ध्वस्त झाली तरी उरलेल्या ठिकाणांना एकमेकांशी बोलता यावे, एवढी त्यांची मागणी होती. तेव्हाचे दूरच्या कॉलचे जाळे उतरंडीचे होते: खालची केंद्रे मधल्या केंद्रांना जोडलेली, मधली वरच्यांना. वरचे एक गेले की खालची सगळी मुकी. बॅरन यांनी मासेमारीच्या जाळ्यासारखी रचना सुचवली, ज्यात प्रत्येक गाठ शेजारच्या अनेक गाठींना बांधलेली असते. किती गाठींना? त्यांनी ते मोजून पाहिले. कमीत कमी जोडणीसाठी लागतात त्यांच्या तिपटीच्या आसपास दुवे असले, तर निम्म्या गाठी नष्ट झाल्यावरही उरलेल्यांपैकी बहुतेक एकमेकांपर्यंत पोचतात. याहून जास्त दुवे घातले तरी फायदा फारसा वाढत नाही.

१९६४ मध्ये त्यांचे हे काम अहवालांच्या मालिकेच्या रूपाने प्रसिद्ध झाले. त्यात आवाज डिजिटल करून छोट्या समान आकाराच्या तुकड्यांतून पाठवण्याचा विचार होता, आणि प्रत्येक गाठीने आलेला तुकडा हातात न ठेवता त्या क्षणी मोकळ्या असलेल्या चांगल्यात चांगल्या दिशेला लगेच सोडून द्यावा, अशी मार्ग निवडण्याची रीतही होती. अमेरिकेचे टेलिफोन जाळे तेव्हा एटी अँड टीच्या हातात होते आणि त्या कंपनीच्या अभियंत्यांना हे चालेल असे वाटले नाही. पुढे हे काम संरक्षण खात्याच्या ज्या विभागाकडे जाणार होते, त्याला डिजिटल तंत्राचा अनुभव नव्हता. ते पाहून बॅरन यांनी स्वतःच ही योजना तूर्त बाजूला ठेवावी असे सुचवले. वाईट बांधणीमुळे चांगली कल्पना बदनाम होण्यापेक्षा ती थांबलेली बरी, हा त्यांचा विचार मला फार मोलाचा वाटतो. इंग्लंडमध्ये डोनाल्ड डेव्हिस स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला पोचले, आणि १९६९ मध्ये अर्पानेट सुरू झाले. ते मात्र संगणकांसाठी होते.

त्या संगणकांच्या जाळ्यात आवाज परत आणला तो डॅनी कोहेन यांनी. १९७४ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या त्यांच्या संस्थेतून मॅसॅच्युसेट्समधल्या लिंकन प्रयोगशाळेशी अर्पानेटवरून बोलणे झाले. या प्रयोगातून निघालेला धडा आजच्या इंटरनेटच्या पायात आहे. संगणकाची फाइल पाठवताना एक अक्षरही गळता कामा नये. एखादे पॅकेट हरवले तर ते पुन्हा मागवायचे आणि तोवर थांबायचे. आवाजाचे तसे नाही. वीस मिलिसेकंदांचा एखादा तुकडा गळला तर कानाला बहुधा कळतही नाही. पण तो तुकडा पुन्हा मागवण्यासाठी सगळे थांबून राहिले, तर बोलणे अडखळते आणि संवाद मोडतो. एसटी सुटून गेल्यावर स्टँडवर पोचलेल्या प्रवाशासारखे ते उशिरा आलेले पॅकेट असते. त्याचे तिकीट खरे असते, पण त्याला बसायला आता गाडीच नसते.

१९७० च्या दशकात इंटरनेटचे नियम लिहिले जात होते, तेव्हा पॅकेट पोचण्याची हमी देणारा भाग आणि वाट दाखवणारा भाग एकाच नियमावलीत गुंफलेले होते. ते वेगळे करावेत, हा आग्रह धरणाऱ्यांत कोहेन होते. १९७८ मध्ये ते वेगळे झाले: पॅकेट कुठे जायचे ते पाहणारा आयपी, आणि त्यावर हमी देणारा टीसीपी. ज्यांना हमी नको, वेळ हवा, त्यांच्यासाठी १९८० मध्ये यूडीपी आला. आज आपले बहुतेक कॉल यूडीपीवरून जातात. आवाज हा इंटरनेटवर उशिरा आलेला पाहुणा आहे असे कुणी म्हणाले, तर त्याला १९७८ ची ही वाटणी सांगावी. घराच्या भिंती कुठे घालायच्या हे ठरवताना आवाज तिथे हजर होता.

आता वेळेचा हिशेब, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. तोंडापासून कानापर्यंत एका बाजूने दीडशे मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागला तर संभाषण स्वाभाविक वाटते, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीत म्हटले आहे. चारशेच्या वर जाऊ नये, असेही त्यात आहे. या दीडशेतले वीस तर पहिला तुकडा कापण्यातच जातात. पॅकेटे सारख्या अंतराने पोचत नाहीत, कधी दोन जवळजवळ तर कधी मोठी फट. म्हणून ऐकणाऱ्या बाजूला थोडी साठवून मग सोडावी लागतात. त्यात आणखी चाळीस ते शंभर जातात. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो, त्यामुळे दर हजार किलोमीटरला पाच मिलिसेकंद. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर हे अंतर नगण्य आहे. अमेरिकेतल्या मुलीशी बोलायचे तर तेच सर्वांत मोठे. छत्तीस हजार किलोमीटरवरच्या उपग्रहावरून कॉल नेला तर एका बाजूला जवळजवळ अडीचशे मिलिसेकंद केवळ वरखाली करण्यात संपतात. दोघे एकदम बोलतात, एकदम थांबतात. तेव्हा उपग्रह ही पर्यायी वाट म्हणून अनमोल असली, तरी रोजची वाट म्हणून जड जाते.

दुवा तुटल्यावर दुसरी वाट धरायला किती वेळ लागतो, याचे उत्तर तो तुटल्याचे जाळ्याच्या कुठल्या थरावर कळले यावर अवलंबून असते. फायबरच्या कड्यांवर आणि एमपीएलएस पद्धतीच्या जाळ्यात दुसरी वाट आधीच आखून ठेवलेली असते. तिथे पन्नास मिलिसेकंदांत पॅकेटे वळतात. म्हणजे दोन-तीन तुकडे गळाले, फार तर एखादा शब्द खरखरला. कचेरीतला एक राउटर बंद पडून शेजारच्याने त्याची जागा घ्यायची, तर त्यासाठीच्या व्हीआरआरपी या नियमावलीच्या ठरीव मांडणीत तीन-चार सेकंद जातात. लोक ‘हॅलो, हॅलो’ म्हणतात, पण फोन ठेवत नाहीत. कंपन्यांच्या जाळ्यांमध्ये वाटा ठरवणारा बीजीपी मात्र कित्येकदा मिनिटे घेतो. एवढा वेळ कुणीही फोन कानाला लावून बसत नाही.

पॅकेटांच्या वरही एक थर आहे, तो कॉल लावण्याचा. तिथे एसआयपी काम करतो, आणि तिथला एक आकडा या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाला पाठ असायला हवा: बत्तीस सेकंद. समोरचा गेटवे, म्हणजे कॉल पुढच्या जाळ्यात नेणारे यंत्र, ‘मी आत्ता कॉल घेऊ शकत नाही’ असे स्पष्ट कळवत असेल, तर काहीच अडचण नसते. उत्तर आले की पुढच्या क्षणी कॉल दुसऱ्या गेटवेकडे वळवता येतो. पण समोरचा गेटवे नुसता मुका झाला असेल, तर पाठवणारा वाट पाहतो. अर्ध्या सेकंदाने पुन्हा पाठवतो, मग एका सेकंदाने, दोन, चार, आठ, सोळा. नियमावलीतल्या ठरीव मांडणीप्रमाणे बत्तीस सेकंद झाल्यावर तो समजतो की पलीकडे कुणी नाही. तोवर फोन करणाऱ्याला फक्त शांतता ऐकू येते आणि त्याने केव्हाच फोन ठेवलेला असतो. दुसरा गेटवे शेजारी मोकळा, सज्ज उभा असतो. त्याच्यापर्यंत कॉल पोचतच नाही. मोठे पैसे खर्चून दोन-दोन लाइन घेतलेल्या रुग्णालयांत आणि कचेऱ्यांत ‘फोन लागत नाही’ ही तक्रार येते, तेव्हा पुष्कळदा हेच झालेले असते. उपाय साधा आहे: ठरावीक वेळाने प्रत्येक गेटवेला विचारत राहायचे, उत्तर न देणाऱ्याला यादीतून काढायचे आणि वाट पाहण्याची मुदत काही सेकंदांवर आणायची. पुस्तकातले सर्वांत लांब प्रकरण याच विषयावर आहे. ते लांबल्याची मला खंत नाही.

चालू कॉल वाचवणे आणि नवा कॉल लावणे ही दोन निराळी कामे आहेत, हेही इथेच सांगतो. मधला फायबर तुटला तर आवाजाची पॅकेटे दुसऱ्या वाटेने जातात आणि कॉल टिकतो. ज्या यंत्रावर कॉल टेकलेला आहे तेच गेले, तर वाटा कितीही असोत, कॉल तुटतो. फार तर पुढचा कॉल नीट लागेल. दोन्हींची हमी एकाच दमात देणाऱ्या विक्रेत्याला हा फरक विचारावा.

भारतात या सगळ्याला कायद्याचीही एक बाजू आहे. सार्वजनिक टेलिफोन आणि कंपनीचे खासगी आयपी जाळे एकमेकांत मिसळण्यावर बरीच वर्षे कडक बंधने होती, कारण त्या मार्गाने दूरच्या कॉलचे शुल्क चुकवता येते. आऊटसोर्सिंग सेवांसाठीचे नियम दूरसंचार विभागाने २०२० आणि २०२१ मध्ये बरेच सैल केले. तरीही पर्यायी वाट आखताना ती तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे एवढ्याने भागत नाही. ती परवान्यात बसते का, हेही पाहावे लागते.

आता ज्या गोष्टीसाठी मला हे पुस्तक मराठीत हवे होते, तिच्याकडे येतो. कागदावर दोन वाटा असणे आणि जमिनीत दोन वाटा असणे यांत फार अंतर आहे.

८ मे १९८८ रोजी शिकागोजवळच्या हिन्सडेल गावातल्या टेलिफोन केंद्राला आग लागली. त्या भागातल्या कित्येक केंद्रांच्या वाटा त्या एकाच इमारतीतून जात होत्या. सेवा पूर्ववत व्हायला आठवडे लागले, विमानतळाच्या कामावरही परिणाम झाला. १८ जुलै २००१ रोजी बाल्टिमोरमधल्या हॉवर्ड स्ट्रीट बोगद्यात मालगाडी घसरून पेटली आणि त्या बोगद्यातून गेलेले फायबर जळाले. ते एका कंपनीचे नव्हते. ज्या ग्राहकांनी सुरक्षितता म्हणून दोन वेगवेगळ्या कंपन्यांकडून लाइन घेतल्या असतील, त्यांच्याही दोन्ही लाइन त्या एका बोगद्यातून जाऊ शकत होत्या. दोन बिले, दोन करार, दोन हेल्पलाइन, आणि एकच खंदक.

मुंबई आणि पुण्यातल्या कॉल सेंटरांनी हा धडा ३० जानेवारी २००८ रोजी घेतला. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या दोन केबल एकाच दिवशी तुटल्या. एक सी-मी-वी ४, दुसरी फ्लॅग. दोन्ही मुंबईला किनाऱ्याला लागणाऱ्या. कंपन्या वेगळ्या, केबल वेगळ्या, पण युरोपकडे जाणारी समुद्रातली वाट सुएझच्या त्याच चिंचोळ्या पट्ट्यातून. भारताची पश्चिमेकडची निम्म्याहून जास्त क्षमता गेली. मग पॅकेटे उलट्या दिशेने निघाली: सिंगापूर, पॅसिफिक, अमेरिका, आणि तिथून अटलांटिक ओलांडून युरोप. हे अंतर मोजले तर तीस हजार किलोमीटरच्या आसपास भरते. म्हणजे लंडनशी बोलताना नुसत्या प्रकाशाच्या धावण्यालाच दीडशे मिलिसेकंदांच्या आसपास. ईमेल थोडा उशिरा पोचला तरी चालतो. कॉलवरच्या मुलीला मात्र ग्राहकाचे वाक्य संपले की नाही ते कळेना. वाट होती, पण ती आवाजाला पुरेशी नव्हती. ६ सप्टेंबर २०२५ रोजी तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ केबल तुटल्या, तेव्हा त्यांत सी-मी-वी ४ पुन्हा होती. चेन्नईमार्गे पूर्वेकडच्या वाटा आता पूर्वीपेक्षा पुष्कळ आहेत. भूगोल मात्र बदललेला नाही.

सामायिक असते ती केवळ जमीन किंवा समुद्र नव्हे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईतली वीज गेली आणि तिच्यापाठोपाठ मोबाइलचे टॉवर मुके होत गेले. दोन वेगळ्या कंपन्यांची दोन सिमे खिशात असलेल्या माणसाचाही घरी फोन लागत नव्हता. बॅटरी, डिझेल आणि तळघरातले जनित्र हेही राउटिंगचेच भाग आहेत, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो. पुस्तकातही त्यांना वेगळे प्रकरण दिले आहे.

यापुढची पायरी जास्त अवघड आहे, कारण तिथे दुरुस्तीच बिघाड पसरवते. १५ जानेवारी १९९० रोजी दुपारी न्यूयॉर्कमधल्या एटी अँड टीच्या एका स्विचला किरकोळ अडचण आली. त्याने शिस्तीप्रमाणे शेजाऱ्यांना कळवले, काही सेकंद स्वतःला बंद ठेवले आणि तो परत कामाला लागला. तो परतल्याचे संदेश शेजारच्या स्विचकडे अगदी लागोपाठ पोचले. नव्याने घातलेल्या सॉफ्टवेअरमध्ये एका आज्ञेची जागा चुकली होती. पहिला संदेश नोंदवला जात असतानाच दुसरा आला की तो स्विच स्वतःच गोंधळून बंद होई. मग तो सावरे, शेजाऱ्यांना कळवे, आणि ते बंद पडत. देशभरातल्या ११४ स्विचमध्ये तेच सॉफ्टवेअर होते. नऊ तास हे चक्र फिरत राहिले आणि त्या काळात सुमारे निम्मे कॉल लागले नाहीत. प्रत्येक स्विचमध्ये राखीव प्रोसेसर होता. त्यातही तीच चूक होती.

८ जुलै २०२२ चा कॅनडातला प्रसंग मला याहून गंभीर वाटतो, कारण तो आजच्या जाळ्याचा आहे. रॉजर्स कंपनीच्या राउटरमधली एक गाळणी देखभालीच्या कामात काढली गेली. वाटांच्या माहितीचा लोंढा मुख्य राउटरांवर आदळला आणि ते कोसळले. मोबाइल, घरचे फोन आणि इंटरनेट या सर्वांचा गाभा एकच होता, त्यामुळे सगळे एकदम गेले. १ कोटी २० लाखांहून जास्त ग्राहकांची सेवा बंद झाली. दुरुस्ती करणाऱ्यांना ज्या जाळ्यावरून राउटरांपर्यंत पोचायचे, तेही त्याच गाभ्यावर उभे होते. आणि मुख्य गोष्ट ही, की टॉवर मात्र चालू होते. फोनला रेंज दिसत होती. रेंज आहे म्हणून फोन दुसऱ्या कंपनीच्या जाळ्याकडे वळत नव्हते, आणि ९११ हा आपत्कालीन क्रमांक कित्येकांना लागला नाही. टॉवर पूर्ण बंद असते, तर तेच फोन आपत्कालीन कॉलसाठी दुसरे जाळे शोधू शकले असते. अर्धवट जिवंत असलेली वाट ही मेलेल्या वाटेहून घातक ठरते, हे मी यापेक्षा स्पष्ट कुठे पाहिलेले नाही. आपल्याकडे ११२ या आपत्कालीन क्रमांकाची भिस्त अशाच पॅकेटांच्या जाळ्यांवर वाढत जाणार आहे. तो क्रमांक हाताळणाऱ्या प्रत्येक केंद्रातल्या तंत्रज्ञांनी या दिवसाचा अभ्यास करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

हे पुस्तक त्यांच्यासाठी आहे. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात, साखर कारखान्यात, बँकेच्या विभागीय कचेरीत जो एकटा माणूस फोनची, राउटरची आणि यूपीएसची काळजी घेतो, त्याच्यासाठी आहे. त्याच्यासमोर इंग्रजी नियमपुस्तिका असते, पण त्यातला कुठला आकडा बदलला की काय होईल हे समजावून सांगणारे शेजारी कुणी नसते. डिप्लोमाच्या विद्यार्थ्यांनाही हे वाचता यावे म्हणून गणित बेताचे ठेवले आहे. व्यवहारात रुळलेले शब्द मी तसेच ठेवले; राउटरला राउटरच म्हटले आहे.

प्रकरणे क्रमाने वाचलीच पाहिजेत असे नाही. ज्याला आज रात्री अडचण सोडवायची आहे त्याने एसआयपीच्या मुदतींचे प्रकरण आधी उघडावे. ज्याला नवी लाइन विकत घ्यायची आहे त्याने खंदक आणि केबलचे. कंपनीला विचारायचे प्रश्न तिथे दिले आहेत: तुमचा फायबर माझ्या इमारतीत कुठल्या बाजूने येतो, तो दुसऱ्या कुणाकडून भाड्याने घेतला आहे का, आणि त्याचा नकाशा दाखवाल का.

शेवटचे प्रकरण चाचण्यांचे आहे. केबल काढून पाहणे, वीज तोडून पाहणे, चालू कॉलवर राउटर बंद करणे, असे त्यात टप्पे आहेत. सुरुवात मात्र केबल काढण्यापासून करू नये. केबल निघाली की राउटरला त्या क्षणी कळते, कॉल वळतात आणि सगळे उत्तम चालल्यासारखे दिसते. आधी गेटवेची लाइन तशीच जोडलेली राहू द्यावी आणि फक्त त्याची उत्तरे अडवावीत. मग दुसऱ्या फोनवरून कॉल लावून घड्याळ पाहावे.